कर्बपासून कुंपणापर्यंत: कॅलिफोर्नियात पहिले घर घेणाऱ्यांसाठी पार्किंग, ड्राइव्हवे आणि अंगणाचे नियम

कॅलिफोर्नियाच्या उपनगरात पहिले स्वतंत्र घर घेणाऱ्या मराठी कुटुंबाचा एक समज पक्का असतो, की घराची किल्ली हातात आली म्हणजे दारासमोरचा रस्ता, फूटपाथ, गाडी उभी करायची फरशी, म्हणजे ड्राइव्हवे, आणि पुढची हिरवळ ही सगळी ‘आपल्या दारातली’ जागा झाली. प्रत्यक्षात घरासमोरचा रस्ता सर्वांचा असतो, फूटपाथ सर्वांचा असूनही त्याची निगा बहुधा तुमच्याकडे असते, आणि अंगण तुमच्या मालकीचे असले तरी त्यात काय करावे आणि काय करू नये याबाबत शहराचा आणि पुष्कळदा घरमालक संघटनेचा, म्हणजे एचओएचा, शब्द चालतो. हा फरक बहुतेकांना दंडाचे पहिले तिकीट हातात पडल्यावर कळतो. मलाही तसाच कळला, आणि ती हकिगत पुढे येईलच. त्यामुळे रस्त्याच्या कडेला, म्हणजे कर्बपाशी, उभे राहावे आणि तिथून एकेक पाऊल आत येत मागच्या कुंपणापर्यंत जावे, या क्रमाने नियम पाहणे मला सर्वांत सोयीचे वाटते. उदाहरणे मुख्यतः बे एरियातली, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को खाडीभोवतीच्या शहरांतली, आहेत. मात्र जिथे राज्याच्या कायद्याचा उल्लेख आहे, तो भाग सॅन डिएगोपासून सॅक्रामेंटोपर्यंत सगळीकडे सारखाच लागू होतो.

पहिली पायरी: आपल्यावर कोणाचा नियम चालतो ते ठरवा

रस्त्यावरच्या पार्किंगचा पाया राज्याचा व्हेईकल कोड, म्हणजे वाहनविषयक कायदा, हा आहे. त्यावर प्रत्येक शहराचा म्युनिसिपल कोड, म्हणजे नगरपालिकेची नियमावली, चढतो, आणि घर एखाद्या नियोजित वसाहतीत असेल तर त्यावर एचओएचे नियम येतात. आता गंमत अशी की पत्त्यात ‘सॅन होझे’ लिहिलेले असले म्हणजे घर सॅन होझे शहराच्या हद्दीत असतेच असे नाही. शहराच्या मधोमध काउंटीच्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या, ताब्यातले छोटे तुकडे आहेत आणि तिथे शहराचा नव्हे, काउंटीचा नियम लागतो. शहराच्या संकेतस्थळावर पत्ता टाकून हद्द तपासता येते. हे काम पाच मिनिटांचे आहे आणि ते सर्वांत आधी करावे, कारण पुढे ज्या कार्यालयाला फोन करायचा ते यावरूनच ठरते.

एचओए असेल तर तिची मूळ नियमावली, जिला सगळे ‘सीसी अँड आर’ म्हणतात, ती विक्रेत्याने खरेदीदाराला देणे कायद्याने बंधनकारक आहे. या संघटनांचा कारभार १९८५च्या डेव्हिस-स्टर्लिंग कायद्याखाली चालतो. एस्क्रो चालू असताना, म्हणजे पैसे आणि कागद त्रयस्थाकडे असून व्यवहार पुरा होण्याच्या काळात, शेकडो पानांचा तो गठ्ठा आपण न वाचता सही करून मोकळे होतो. निदान पार्किंग, गॅरेज, घराचे बाह्यरूप आणि बाग ही चार प्रकरणे तरी तेव्हाच वाचावीत. पाहुण्यांची गाडी किती रात्री उभी राहू शकते, पाहुण्यांच्या जागेत रहिवाशाने गाडी लावली तर काय होते, गॅरेजमध्ये गाडीच ठेवावी लागते की सामान ठेवले तरी चालते, या प्रश्नांची उत्तरे तिथेच असतात. घरात दोनच्या जागी तीन गाड्या होणार असतील, तर घर पसंत करण्याआधीच ही उत्तरे हवीत.

दुसरी पायरी: रस्ता

भारतात डाव्या बाजूने गाडी चालवण्याची सवय झालेल्या माणसाकडून पहिली चूक होते ती दिशेची. समोरच्या बाजूला मोकळी जागा दिसली की आपण सरळ तिकडे वळून गाडी लावतो आणि गाडीचे तोंड वाहतुकीच्या उलट दिशेला राहते. दुतर्फा वाहतुकीच्या रस्त्यावर गाडीची उजवी चाके उजव्या कर्बला समांतर आणि कर्बपासून १८ इंचांच्या आत असली पाहिजेत. रस्ता कितीही शांत असला आणि रात्री अकरा वाजता तिथे चिटपाखरू नसले, तरी उलट्या तोंडाने उभी असलेली गाडी तिकिटाला पात्र असते.

कर्बच्या रंगांचा अर्थ पाठच असावा. लाल म्हणजे थांबायचेही नाही, पिवळा माल चढवण्या-उतरवण्यासाठी, पांढरा माणसांच्या चढ-उतारासाठी, हिरवा ठरावीक वेळेपुरता, आणि निळा अपंगत्वाचा परवाना असलेल्यांसाठी. मात्र रंग नसला म्हणजे मोकळीक आहे, असे समजू नये. अग्निशामक दलाच्या नळाच्या, म्हणजे हायड्रंटच्या, दोन्ही बाजूंना १५ फूट जागा सोडावी लागते, मग कर्बवर लाल पट्टा असो वा नसो. मोठ्या माणसाची सहा पावले साधारण तेवढी भरतात; मी अजूनही उतरून पावले मोजतो.

नव्याने आलेल्या नियमांतला एक अनेक जुन्या रहिवाशांनाही माहीत नसतो. पादचाऱ्यांच्या ओलांडणीच्या जागेअलीकडे, म्हणजे ज्या बाजूने गाड्या येतात त्या बाजूला, २० फुटांच्या आत गाडी उभी करण्यास राज्याने बंदी घातली असून १ जानेवारी २०२५ पासून त्यासाठी सर्वत्र तिकिटे देता येतात. रस्ता ओलांडायला निघालेले मूल उभ्या गाडीआड दिसेनासे होऊ नये, हे त्यामागचे कारण आहे. यातली मेख अशी की ओलांडणीवर पांढरे पट्टे रंगवलेले असण्याची गरज नाही. फूटपाथ असलेल्या साध्या चौकातही कायद्याच्या दृष्टीने ओलांडणीची जागा असतेच. त्यामुळे कोपऱ्यावरच्या घराची पुढची जागा, जी आजवर हक्काची वाटत होती, ती आता अर्धीअधिक गेली आहे.

यानंतर येतो ७२ तासांचा नियम. राज्याच्या कायद्याने शहरांना मुभा दिली आहे, की सलग ७२ तास एकाच जागी रस्त्यावर उभी राहिलेली गाडी उचलून नेता येईल असा स्थानिक नियम करावा. फ्रीमाँट, सॅन होझे आणि इतर बहुतेक शहरांनी तो केला आहे. तुमच्याच घरासमोर तुमचीच गाडी असली तरी त्यातून सुटका नाही. याची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. शेजाऱ्याने त्याची गाडी तुमच्या खिडकीसमोर लावली तर तिथून ती काढा असे सांगण्याचा अधिकार तुम्हाला नाही, कारण ती जागा त्याचीही तेवढीच आहे. गोडीत विनंती मात्र जरूर करता येते. दिवाळीत किंवा लग्नसराईत महिनाभर भारतात जायचे असेल तर गाडी रस्त्यावर ठेवून जाऊ नये. ती ड्राइव्हवेत किंवा गॅरेजात ठेवावी, किंवा किल्ली एखाद्या मित्राकडे देऊन तिला फिरवण्याची जबाबदारी त्याच्यावर सोपवावी. नुसती चार फूट पुढे सरकवलेली गाडी काही शहरांत ‘हलवली’ असे धरत नाहीत. नोंदणीची मुदत संपून सहा महिन्यांहून अधिक काळ लोटलेली गाडीही सार्वजनिक रस्त्यावरून उचलता येते. म्हणून नंबरप्लेटवरचा नवा स्टिकर आला की तो ड्रॉवरमध्ये न ठेवता लगेच चिकटवावा.

रस्ते झाडण्याच्या दिवशीच्या पाट्या आणि रात्रीच्या पार्किंगचे निर्बंध शहरागणिक बदलतात. दक्षिणेकडच्या पॅसाडेनात, उदाहरणार्थ, रात्री २ ते सकाळी ६ या वेळेत रस्त्यावर गाडी ठेवायला परवाना लागतो. बे एरियातून तिकडे बदली झालेल्यांना पहिल्या आठवड्यातच याचा प्रसाद मिळतो.

तिसरी पायरी: ड्राइव्हवे

ड्राइव्हवेचे तीन तुकडे मनात वेगळे करावेत. रस्त्याला लागून असलेला उतरता भाग, त्याच्या वरच्या बाजूने आडवा जाणारा फूटपाथ, आणि फूटपाथच्या आतपासून गॅरेजच्या दारापर्यंतची फरशी. यांतला फक्त तिसरा तुकडा तुमचा आहे.

पहिल्या तुकड्यासमोर रस्त्यावर गाडी आडवी लावणे हा राज्याच्या कायद्याने गुन्हा आहे, आणि ‘ड्राइव्हवे माझाच आहे, मग अडचण कोणाला?’ हा युक्तिवाद आपोआप चालत नाही. घरमालकाला स्वतःच्या ड्राइव्हवेसमोर गाडी लावू देण्याची सूट शहराने नियम करून दिली असेल तरच ती मिळते. सूट आहे असे गृहीत धरण्याआधी ती तपासावी.

दुसऱ्या तुकड्याने मला धडा शिकवला. आई-बाबा भारतातून आले होते, दोन गाड्या एकामागे एक लावल्या होत्या, आणि मागच्या मिनीव्हॅनचा शेवटचा हातभर भाग फूटपाथवर आला होता. फूटपाथ चांगला पाच फूट रुंद होता आणि उरलेल्या जागेतून माणूस आरामात जात होता, त्यामुळे आपण काही चूक करत आहोत हे माझ्या ध्यानीमनीही नव्हते. सकाळी वायपरखाली तिकीट होते. कायद्याचा शब्द असा आहे, की गाडीच्या सांगाड्याचा कोणताही भाग फूटपाथवर येता कामा नये. दिवे, आरसे यांसारखी कायद्याने गाडीवर सक्तीची असलेली उपकरणे तेवढी १० इंचांपर्यंत बाहेर आली तरी चालतात. मागे लावलेला सायकलचा स्टँड सक्तीच्या उपकरणांत बसत नाही. किती जागा उरली हा प्रश्नच तिथे येत नाही, कारण व्हीलचेअरवरचा माणूस, बाबागाडी ढकलणारी आई आणि पांढरी काठी घेऊन चालणारी दृष्टिहीन व्यक्ती यांना अडथळ्याविना सरळ जाता आले पाहिजे, हा त्यामागचा हेतू आहे.

म्हणून घर पाहायला जाताना मोजपट्टी बरोबर न्यावी. गॅरेजच्या दारापासून फूटपाथच्या आतल्या कडेपर्यंतचे अंतर मोजावे. जुन्या घरांत ते साधारण १८ ते २० फूट भरते, मिनीव्हॅन साधारण १७ फुटांची असते, आणि पुढे बंपर दाराला लागू नये म्हणून थोडी जागा सोडावीच लागते. म्हणजे एक गाडी जेमतेम मावते. नव्या टाउनहाऊसच्या, म्हणजे एकमेकांना लागून बांधलेल्या घरांच्या, गॅरेजसमोर मात्र चार-पाच फुटांचीच फरशी असते. तिथे गाडी लावायचा विचारही करू नये, कारण ती मागच्या गल्लीत येते, आणि ती गल्ली अनेकदा अग्निशामक दलाच्या बंबासाठी राखलेली असते.

तिसऱ्या तुकड्याबाबत शहराचा मुख्य आक्षेप असतो तो बंद पडलेल्या गाड्यांना. टायर बसलेली, काच फुटलेली किंवा नोंदणी संपलेली गाडी रस्त्यावरून दिसेल अशी ड्राइव्हवेत ठेवणे बहुतेक शहरांत चालत नाही. हिरवळीवर किंवा मातीवर गाडी लावणेही चालत नाही. मग अनेकांच्या मनात येते, की हिरवळ काढून तिथे काँक्रीट ओतावे आणि तिसऱ्या गाडीची सोय करावी. इथे थांबावे. पुढच्या अंगणाचा किती भाग फरसबंद करता येईल यावर बहुतेक शहरांत मर्यादा असते, आणि रस्त्याकडचा उतरता भाग रुंद करायचा तर ते काम सार्वजनिक जागेत होत असल्याने एन्क्रोचमेंट परमिट घ्यावे लागते. कंत्राटदार ‘परमिटची गरज नाही, सगळे असेच करतात’ म्हणाला, तर ते त्याच्याकडून लेखी मागावे. बहुधा तो देत नाही.

गॅरेजविषयी थोडक्यात. २०२० पासून गॅरेजचे रूपांतर परवानगी घेऊन एडीयूत, म्हणजे त्याच आवारातल्या छोट्या स्वतंत्र घरात, केले तर गेलेल्या पार्किंगच्या बदल्यात दुसरी जागा द्या अशी सक्ती शहराला करता येत नाही. आई-वडिलांसाठी खोली काढण्याचा हा चांगला मार्ग आहे. मात्र तुमच्या गल्लीत अशी चार घरे झाली, तर संध्याकाळी सातनंतर रस्त्यावर जागा का मिळत नाही, याचेही उत्तर त्यातच आहे.

चौथी पायरी: अंगण आणि परस

आधी पुन्हा फूटपाथकडेच पाहावे लागेल. राज्याच्या कायद्यानुसार घरासमोरच्या फूटपाथची निगा लगतच्या मालकाकडे असते, त्यामुळे झाडाच्या मुळाने उचललेला काँक्रीटचा तुकडा दुरुस्त करण्याची नोटीस तुमच्या नावाने येऊ शकते. सॅन होझेत रस्त्याकडेच्या झाडाची निगाही घरमालकावरच आहे. पण त्याची छाटणी करायची किंवा ते काढायचे तर आधी परवाना घ्यावा लागतो. जबाबदारी तुमची आणि अधिकार शहराचा, असा हा चमत्कारिक संसार आहे. अंगणातल्या, अगदी परसातल्या खासगी झाडालाही हा जाच आहे. सॅन होझेत जमिनीपासून साडेचार फुटांवर खोडाचा घेर ३८ इंच किंवा त्याहून जास्त भरला, तर ते झाड परवान्याशिवाय तोडता येत नाही. घेर म्हणजे दोरी गुंडाळून मोजलेले माप. ३८ इंच ऐकायला फार वाटते, पण तो जेमतेम फूटभर जाडीचा बुंधा असतो.

हिरवळीच्या बाबतीत मनातली भीती बरीच जुनी आहे. गवत पिवळे पडले तर दंड होईल म्हणून लोक दुष्काळातही पाणी घालत बसतात. राज्यपालांनी दुष्काळाची आणीबाणी जाहीर केलेली असताना गवत सुकले म्हणून शहराला दंड करता येत नाही, असे २०१५च्या कायद्याने ठरले आहे, आणि एचओएलाही तशीच मनाई आहे. शिवाय कमी पाण्याची झाडे लावण्यावर एचओए बंदी घालू शकत नाही. आराखडा मंजूर करून घ्या, असे मात्र ती सांगू शकते. कृत्रिम गवताचे तितके सरळ नाही. एचओए त्याला बंदी करू शकत नसली तरी २०२३च्या कायद्याने शहरांना ती करण्याची मुभा मिळाली आहे, म्हणून पैसे मोजण्याआधी शहराला विचारावे. हिरवळ काढून कमी पाण्याची बाग करणाऱ्यांना सांता क्लारा काउंटीत पाणीपुरवठा संस्थेकडून अनुदान मिळते, परंतु अर्ज आणि पाहणी आधी आणि खोदकाम नंतर, हा क्रम चुकला तर अनुदान हातचे जाते.

आगीचा धोका जास्त असल्याचे नकाशावर दाखवलेल्या डोंगरउताराच्या भागांत वाळके गवत हा दिसण्याचा प्रश्न राहत नाही. तिथे घराभोवती १०० फुटांपर्यंत किंवा तुमच्या हद्दीपर्यंत जागा साफ राखावी लागते. पहिल्या ३० फुटांत सुके गवत आणि पालापाचोळा ठेवायचा नाही, आणि त्यापलीकडचे गवत ४ इंचांपर्यंत कापायचे. हे काम उन्हाळा चढण्यापूर्वीच उरकावे.

ड्राइव्हवेत गाडी धुऊन साबणाचे पाणी रस्त्याकडे सोडणे ही आपली जुनी सवय. सॅन फ्रान्सिस्को शहराचा बराचसा भाग वगळला, तर बे एरियात रस्त्याकडेच्या जाळीतून गेलेले पाणी शुद्धीकरण न होता थेट ओढ्यात आणि खाडीत जाते, आणि म्हणून साबणाचे पाणी तिथे सोडण्यास मनाई असते. गाडी धुवायचीच असेल तर ती धुलाई केंद्रात न्यावी.

कचऱ्याच्या डब्यांचा नियम साधा आहे. उचलण्याच्या आदल्या संध्याकाळी बाहेर ठेवावेत आणि रिकामे झाले की आत घ्यावेत; रस्त्यावरून दिसतील असे कायम ठेवू नयेत. सॅन होझेत बागेतला काडीकचरा रस्त्याच्या कडेला मोकळा ढीग करून ठेवण्याची जुनी सोय आहे. ते पाहून शेजारच्या शहरात राहणाऱ्याने तसे केले तर त्याला नोटीस येते.

आता परस. भाजी लावावी की नाही, असा प्रश्न एचओएवाल्या वसाहतींत हमखास निघतो. घरच्या वापरासाठी परसात भाजीपाला लावण्यास एचओए अवाजवी आडकाठी करू शकत नाही, तेव्हा मेथी, कोथिंबीर, भेंडी आणि दुधीचा मांडव निर्धास्त घालावा. दोरीवर कपडे वाळत घालण्याचा हक्कही २०१६ पासून कायद्याने सुरक्षित आहे, पण तो फक्त तुमच्या स्वतंत्र वापराच्या मागच्या अंगणापुरता. बाल्कनीचा कठडा त्यात येत नाही, त्यामुळे तिथे वाळणारी साडी ही तक्रारीला आमंत्रण ठरू शकते.

कढीपत्त्याबाबत मात्र सावध राहावे. लिंबूवर्गीय झाडांचा जीवघेणा रोग पसरवणारा एक बारीक किडा कढीपत्त्यावर वाढतो. हा किडा कॅलिफोर्नियात २००८ मध्ये, तर तो रोग २०१२ मध्ये प्रथम आढळला, आणि तेव्हापासून अनेक काउंट्यांत अशा झाडांच्या ने-आणीवर निर्बंध आहेत. लॉस एंजेलिसच्या मावशीने प्रेमाने दिलेले रोप गाडीत घालून फ्रीमाँटला आणू नये. जवळच्या परवानाधारक रोपवाटिकेतून घ्यावे. पहिली दोन वर्षे ते हिवाळ्यात मान टाकते, पण जगते.

पाचवी पायरी: नोटीस किंवा तिकीट आल्यावर

अंगणाबाबतची शहराची कारवाई बहुतेक वेळा कोणीतरी केलेल्या तक्रारीवरून सुरू होते. पहिल्या पत्रात काय चुकले आणि कधीपर्यंत दुरुस्त करायचे हे लिहिलेले असते, आणि दुरुस्ती झाली की प्रकरण मिटते. तक्रार कोणी केली याचा शोध घेत बसू नये. पत्रावरच्या अधिकाऱ्याला ई-मेल करून, काम कधी पूर्ण होईल ते कळवून, लागल्यास मुदत मागून घ्यावी. मुदतीआधी मागितली तर ती सहसा मिळते.

एचओएला दंड करायचा असेल तर सुनावणीची लेखी सूचना किमान १० दिवस आधी द्यावी लागते. २०२५च्या कायद्यानुसार सुरक्षितता आणि आरोग्याशी संबंध नसलेल्या चुकीला प्रत्येक वेळी १०० डॉलरहून अधिक दंड करता येत नाही, आणि सुनावणीपूर्वी तुम्ही चूक दुरुस्त केलीत तर दंड टळतो. एचओएच्या आवारातून गाडी उचलली जात असताना तुम्ही पोहोचलात आणि गाडी अजून आवाराबाहेर गेलेली नसेल, तर टोवाल्याने ती तिथेच सोडली पाहिजे आणि नेहमीच्या दराच्या निम्म्याहून अधिक आकार घेता कामा नये. हे वाक्य फोनमध्ये जपून ठेवावे. त्या क्षणी आवाज चढवण्यापेक्षा ते दाखवणे जास्त उपयोगी पडते.

पार्किंगच्या तिकिटाला आव्हान देण्याच्या तीन फेऱ्या आहेत. तिकीट मिळाल्यापासून २१ दिवसांत प्राथमिक फेरविचाराचा अर्ज करावा. त्याला पैसे लागत नाहीत. तो नामंजूर झाल्यास निकाल पोस्टाने निघाल्यापासून २१ दिवसांत प्रशासकीय सुनावणी मागता येते, मात्र तेव्हा दंडाची रक्कम आधी भरावी लागते. ऐपत नसणाऱ्यांसाठी त्यातून सूट आहे. त्यानंतरही समाधान झाले नाही तर ३० दिवसांत सुपिरियर कोर्टात अपील होते. पहिल्या अर्जासोबत तिकिटाची प्रत, जागेचे त्याच दिवशी काढलेले फोटो आणि मापे जोडावीत, आणि ती जोडण्यापूर्वी स्वतः नीट पाहावीत. माझा अर्ज पहिल्याच फेरीत नामंजूर झाला. फूटपाथवर किती जागा मोकळी होती हे दाखवण्यासाठी मी मोजपट्टी लावून काढलेला फोटो जोडला होता, आणि त्या फोटोत फूटपाथवर आलेला बंपर नंबरप्लेटसकट स्पष्ट दिसत होता.